एस्प्रेसो बनवा, इंग्रजी शिका : घरच्या ओट्यावरचा सात दिवसांचा धडा



मागच्या व्हिडिओखाली नागऱ्याच्या एका ताईंनी विचारलं होतं, "सर, महाशिवरात्रीच्या यात्रेत कॉफीचा स्टॉल लावायचा आहे. पण मशीनचं पुस्तक सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही. मशीन घेऊ की नको?"

ताई, मशीनचं नंतर बघू. आधी माझी एक चूक ऐका.

माझ्या पहिल्या स्टॉलसाठी मी एक छोटं कॉफी मशीन घेतलं होतं. दुसऱ्याच महिन्यात ते जळालं. वॉरंटी होती, म्हणून बिनधास्त घेऊन गेलो. दुकानदाराने कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: 'फॉर हाउसहोल्ड यूज ओन्ली'. म्हणजे फक्त घरगुती वापरासाठी. धंद्यात वापरलं की वॉरंटी संपली! ती ओळ मी खरेदीच्या दिवशी वाचली होती, पण अर्थ कळला नव्हता आणि विचारायची लाज वाटली. सगळे पैसे गेले.

म्हणून आजचा धडा. धंद्यापुरतं इंग्रजी क्लासशिवायही शिकता येतं. हात जे काम करतायत त्याचा शब्द तोंडाने म्हणायचा, की तो डोक्यात बसतो.

आधी एक गैरसमज

आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला जी 'एस्प्रेसो' मिळते, ती म्हणजे वाफेने फेसाळलेलं दूध, त्यात इन्स्टंट कॉफी आणि वरून चॉकलेट पावडर. चव छान, पण ती खरी एस्प्रेसो नाही. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराच्या दाबाने, साधारण 9 बारने, पाठवलं की 25 ते 30 सेकंदांत कपभर नाही, घोटभर दाट कॉफी येते. ती एस्प्रेसो. हिच्या मशीनचं एक सुरुवातीचं पेटंट 1901 साली इटलीत मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी घेतलं. आणि उच्चार 'एस्प्रेसो', 'एक्स्प्रेसो' नव्हे.

यात्रेतलं गिऱ्हाईक बहुतेक लग्नातलीच एस्प्रेसो मागणार. तीच विका, हरकत नाही. पण मशीन विकणाऱ्याशी बोलताना दोन्हींतला फरक माहीत हवा. नाहीतर हवं एक आणि घरी येईल दुसरं.

घरी कशावर शिकायचं?

महागडं मशीन नको. मोका पॉट पुरे. 1933 मध्ये इटलीतच निघालेलं हे गॅसवरचं भांडं. याचा दाब 1 ते 2 बारच असतो, म्हणून कॉफी अगदी एस्प्रेसो होत नाही, पण जवळ जाते. ॲल्युमिनियमचं असेल तर साध्या इंडक्शनवर चालत नाही, हे घेतानाच विचारा.

काम करा, शब्द म्हणा

1. फिल म्हणजे भरणे. खालच्या भांड्यात सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंत पाणी भरा. म्हणा, "फिल द वॉटर." 'फिल' ऱ्हस्व म्हणायचं. लांबवलं की 'फील' होतं, म्हणजे वाटणे.

2. ग्राइंड म्हणजे दळणे. त्याचं भूतकाळी रूप 'ग्राउंड'. म्हणून पाकिटावर 'ग्राउंड कॉफी' दिसलं तर मैदान आठवू नका, ती दळलेली कॉफी. बारीक म्हणजे 'फाइन', जाडसर म्हणजे 'कोर्स'.

3. लेव्हल म्हणजे सपाट करणे. जाळीत कॉफी भरून बोटाने सारखी करा. मशीनमध्ये ती दाबतात, त्याला 'टॅम्प' म्हणतात. मोका पॉटमध्ये दाबायची नाही: "डू नॉट टॅम्प." पुस्तकात 'डू नॉट' दिसलं की थांबा आणि दोनदा वाचा.

4. टाइटन म्हणजे घट्ट करणे. वरचं भांडं घट्ट फिरवा. सैल म्हणजे 'लूज'. सैल राहिलं तर वाफ 'लीक' होते, म्हणजे गळते.

5. हीट म्हणजे तापवणे. गॅस बारीक ठेवा, "लो फ्लेम." गुडगुड आवाज आला की बंद करा, "टर्न इट ऑफ."

6. पोअर म्हणजे ओतणे. "पोअर द कॉफी." मग भांडं गार होऊ द्या आणि नुसत्या पाण्याने विसळा, म्हणजे 'रिन्स'.

चव बिघडली? 'टू' शिका

'व्हेरी हॉट' म्हणजे खूप गरम. 'टू हॉट' म्हणजे गरजेपेक्षा जास्त गरम. 'टू' मध्ये तक्रार असते. कॉफी फार कडू लागली तर म्हणा, "इट इज टू बिटर." बहुतेक वेळा दळण फार बारीक असतं किंवा आच जास्त झालेली असते. आंबट आणि पातळ लागली तर दळण जाड असतं: "टू कोर्स." एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल.

पाकीट वाचा, पैसे वाचवा

'चिकोरी' हा शब्द शोधा. ते एक मूळ असतं, भाजून कॉफीत मिसळतात. कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती, हे पाकिटावर छापलेलं असतं. भाव करताना आधी ते बघा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम. 'एक्स्पायरी' म्हणजे त्यानंतर वापरायचंच नाही.

आता हिशोब. एका कपाला लागणारी कॉफी म्हणजे 'डोस'. डोस 18 ग्रॅम धरला तर 250 ग्रॅमच्या पाकिटात 13 कप होतात आणि 16 ग्रॅम उरते. सांडलेलं, बिघडलेलं ते 'वेस्टेज'. ते धरल्याशिवाय कपाचा भाव ठरवू नका.

मशीन घेताना ही चार वाक्यं पाठच करा

- "इज इट फॉर कमर्शियल यूज?" (धंद्यात वापरता येईल का?)
- "व्हॉट डझ द वॉरंटी कव्हर?" (वॉरंटीत काय काय येतं?)
- "इज जीएसटी इन्क्लुडेड?" (जीएसटी धरून भाव आहे का?)
- "प्लीज गिव्ह इट इन रायटिंग." (लिहून द्या.)

चुकलं तरी बोला. समोरच्याला तुमचं व्याकरण नको, ऑर्डर हवी असते.

गृहपाठ

सात दिवस रोज एकदा कॉफी करा आणि सहाही पायऱ्या मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. आठव्या दिवशी घरातल्या मिक्सरचं किंवा कुकरचं इंग्रजी पुस्तक काढा आणि ओळखीच्या शब्दांखाली रेघ मारा. रेघा मोजून कमेंटमध्ये आकडा लिहा.

आणि नागऱ्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मशीन घ्या, पण ती चार वाक्यं विचारल्यावरच. मी विचारली नव्हती.

भेटू पुढच्या व्हिडिओत!