फर्दापूरच्या तळावरील दोन वये

फर्दापूर



लवकर मिळालेले यश आणि उशिरा आलेला बहर यांची तुलना करताना बहुधा केवळ वयाचा हिशेब मांडला जातो. बरोबरीच्या मैत्रिणी राज्यसेवेतून अधिकारी झाल्या असता, इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊनही अद्याप अभ्यासिकेत बसणाऱ्या भाचीला तो हिशेब आपल्याविरुद्ध जाताना दिसावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु यश कोणत्या वयात आले, यापेक्षा ते कोणत्या प्रकारच्या कामातून आले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. कारण काही कामे तारुण्याच्या उमेदीतच साधतात, तर काहींना अनेक वर्षांची साठवण लागते.

डेव्हिड गॅलेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने चित्रकारांच्या कारकिर्दी तपासून हाच भेद २००६ मधील आपल्या ग्रंथात मांडला. ज्याच्या मनात कल्पना आधीच पूर्ण उमटते आणि जो ती धडाक्याने साकारतो, तो ‘संकल्पनाप्रधान’ कलावंत, जसा पिकासो. आणि जो करत करत, खोडत, पुन्हा रंगवत आपल्या शोधाकडे सरकतो आणि म्हणून उत्तरायुष्यात फळतो, तो ‘प्रयोगशील’ कलावंत, जसा सेझान. ही विभागणी उपयुक्त असली तरी ती माणसांच्या कपाळी लिहिलेली नाही, आणि भाचीने ती स्वतःवर शिक्क्यासारखी मारून घेऊ नये.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्या चमूचा तळ याच फर्दापुरास पडला होता. त्या मोहिमेच्या आरंभी हेरिंगहॅम सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली काम करणारे चित्रकार नंदलाल बोस सत्तावीस वर्षांचे. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या तंत्रग्रंथाचा इंग्रजी अनुवाद हेरिंगहॅम यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि ते रंगतंत्राचे ज्ञान त्यांनी सोबत आणले होते. नंदलालांसाठी मात्र अजिंठा हा आरंभ होता, ज्याचे पडसाद त्यांच्या पुढील चित्रांत उमटत राहिले आणि ज्यानंतर सुमारे चार दशकांनी भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची सजावट त्यांच्या देखरेखीखाली झाली. एकाच भिंतीसमोर एकीचा उत्तरकाळ आणि दुसऱ्याचा पूर्वकाळ उभा होता, आणि त्यांतला कोणताही कमी मोलाचा नव्हता.

लवकरच्या यशाचे उदाहरण फर्दापूरच्याच सोयगाव तालुक्यात आहे. पळसखेडचे ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ मध्ये, त्यांच्या पंचविशीत आला आणि मराठी कवितेत त्यांचे नाव झाले. परंतु त्या नावावर विसंबून न राहता ते शेती करत आणि लिहीत राहिले, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार ‘पानझड’साठी त्यांना २००९ मध्ये मिळाला.

भाचीच्या विषयाला अधिक जवळचे नाव मात्र महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे आहे. १८९३ मध्ये जन्मलेले मिराशी नागपुरात संस्कृत शिकवत असत, आणि शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवरून इतिहास उभारणाऱ्या ‘पुराभिलेखविद्ये’त त्यांनी असे काम केले, की कलचुरी राजघराण्याच्या लेखांचा त्यांचा संपादित खंड १९५५ मध्ये, वाकाटकांचा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बाहेर पडला. या उशिराचे कारण आळस नव्हे, तर विषयाचा स्वभाव आहे. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटाने वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा पत्ता लागला, आणि त्यामुळेच अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या झिजलेल्या लेखातील राजनावे मिराशींना नव्याने वाचता आली. अशा विद्येत प्रत्येक नवा पुरावा मागचे वाचन दुरुस्त करतो, म्हणून वाचणाऱ्याचे वय वाया जात नाही.

तरीही ‘उशिरा फुलणे’ हे शब्द दिलासा म्हणून वापरणे हे पत्र लिहिणाऱ्या मामाच्या मते घातक आहे. राज्यसेवेला वयोमर्यादा आहे, आणि ती खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारणपणे अडतीस वर्षांची आहे. जेथे दार ठरावीक दिवशी बंद होते, तेथे वाट पाहण्याला साधना म्हणता येत नाही. कीर्तीच्या बाबतीत तर माणसाच्या हाती फारच थोडे असते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात राहून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि त्या आगीने गिल यांच्या कामाचा दर्जा ठरवला नाही, फक्त त्याचे भवितव्य ठरवले.

म्हणून भाचीने परीक्षेसाठी किती प्रयत्न द्यायचे, हे आताच लिहून ठेवावे आणि ती मर्यादा पाळावी. परंतु ब्राह्मी लिपीचा जो नाद तिला महाविद्यालयात लागला होता, तो त्या मर्यादेत अडकवू नये आणि रोज एक तास त्याला द्यावा. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा सोळाव्या लेण्यात डाव्या बाजूच्या बाह्यभिंतीवरील वराहदेवाचा लेख प्रत्यक्ष पाहता येईल. तोवर मिराशींच्या वाकाटक खंडातील त्याचे वाचन तिने ओळीओळीने पूर्ण करावे आणि अडलेली अक्षरे पत्रातून कळवावीत.