काचेवर वाढणारे चेतातंतू

बोटाला चटका बसल्याची वर्दी देणाऱ्या संवेदी चेतापेशींचे पुंजके पाठीच्या कण्यालगत असतात. अशा पेशी प्रयोगशाळेत ‘वाढवतात’, तेव्हा त्यांची संख्या वाढत नाही. पक्व चेतापेशी विभागत नाही. वाढतात ते तिचे तंतू!

१९५२ साली रिओ द जानेरो येथे रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांनी कोंबडीच्या गर्भातील असे पुंजके उंदराच्या कर्कगाठीच्या तुकड्याजवळ, पण त्याला न चिकटवता, ठेवले. चोवीस तासांत पुंजक्यांभोवती तंतूंचे दाट वलय उमटले. गाठीविना ठेवलेल्या पुंजक्यांना मात्र तुरळकच तंतू फुटले. म्हणजे गाठीतून काही द्रव्य पाझरत होते. ते प्रथिन आहे, हे स्टॅन्ली कोहेन यांनी पुढे दाखवले. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज गर्भातील संवेदी चेतापेशी जगवताना संवर्धनद्रवात हे प्रथिन घालतात. नुसत्या शर्करेवर व क्षारांवर त्यांतील पुष्कळशा मरतात.

आता सांगा पाहू, गाठीविना पुंजके ठेवलेच नसते, तर हा निष्कर्ष काढता आला असता का?