विमानात कानाचे मशीन काढावे का?

गेल्या आठवड्यात ६८ वर्षांच्या एक मावशी रक्तदाब तपासायला आल्या. मुलाकडे दुबईला पहिल्यांदाच विमानाने जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, सगळं छान झालं, पण विमानात मी बहिरीच बसून होते." 'विमानात इलेक्ट्रॉनिक वस्तू बंद ठेवायच्या असतात,' असे शेजारच्या प्रवाशाने सांगितले म्हणून बाईंनी कानाचे मशीन काढून पर्समध्ये ठेवले. त्यानंतर पट्टा कसा बांधावा, संकटात बाहेर कसे पडावे, या सूचनांतले एक अक्षरही त्यांना ऐकू आले नाही. नेमके ऐकायला हवे तेव्हाच मशीन पर्समध्ये!

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मोबाइल फोन रेडिओलहरी सोडतो आणि वैमानिकाचे संदेशवहनही रेडिओलहरींवर चालते. त्यात अडथळा नको म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा. २०१३ साली अमेरिकेने आणि २०१४ साली आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा फ्लाइट मोडमधील उपकरणांना प्रवासभर परवानगी दिली. कानाचे मशीन आणि पेसमेकर यांना तर अमेरिकेच्या नियमाने फार पूर्वीपासूनच बंदीतून वगळले आहे. तेव्हा कानाचे मशीन खुशाल चालू ठेवा. ते ब्लूटूथने फोनला जोडलेले असेल, तर कर्मचाऱ्यांना एकदा विचारून घ्या.

पेसमेकर बसवलेल्यांनी त्याचे ओळखपत्र जवळ बाळगावे आणि सुरक्षा तपासणीच्या वेळी आधीच सांगावे. हातातले तपासणी यंत्र पेसमेकरवर फार वेळ धरू देऊ नये. फोन मात्र त्या बाजूच्या छातीच्या खिशात ठेवू नये. निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर तरी लांब असावा.

आता खरी काळजी कशाची घ्यायची, तर बॅटरीची. फोन आणि पॉवर बँक यांतील लिथियम बॅटरी दबली किंवा बिघडली, तर आतून तापत जाऊन पेट घेऊ शकते. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. जवळ असल्या की धूर लगेच दिसतो आणि विझवता येतो. सामानाच्या कप्प्यात तो कोणाला दिसणार? झोपेत श्वास अडकणाऱ्यांच्या यंत्राची बॅटरी १०० वॉट-अवरपेक्षा मोठी असेल, तर विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी.

फोन खुर्चीच्या फटीत पडला, तर खुर्ची मागेपुढे करू नका. फोन चिरडून पेटू शकतो. कर्मचाऱ्यांना बोलवा. फोन किंवा पॉवर बँक चटका बसेल इतकी तापली, तरी हेच करा. हात भाजलाच, तर त्यावर २० मिनिटे थंड पाणी सोडावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

मावशी दिवाळीत पुन्हा दुबईला निघाल्या आहेत. त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीवर मी खाली एक ओळ जास्तीची लिहून दिली: 'कानाचे मशीन विमानात चालू ठेवणे. जादा सेल हातातल्या पिशवीत.'