इंजिनाची झडप का वाकते?

आज पुष्कळ विहिरींवर विजेची मोटर आहे. तरी डिझेल इंजिन, ट्रॅक्टर आणि जीप गावात आहेतच. ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बंद पडले, तर पीक वाळते. म्हणून त्याच्या एका लहान भागाची आपण माहिती करून घेऊ. तो भाग म्हणजे झडप. मिस्त्री तिला व्हॉल्व्ह म्हणतात.

झडपेला लांब दांडी असते आणि टोकाला चपटी, गोल टोपी असते. साध्या इंजिनाच्या माथ्यावर अशा दोन झडपा असतात. एक हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. खाली दट्ट्या वर-खाली होतो. इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे होत असतील, तर प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा उघडते!

दोघी बाया एकाच उखळात कांडतात, तेव्हा ताल सांभाळावा लागतो. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटते. इंजिनातही तसंच. दट्ट्या वर येताना झडपेने मागे सरले पाहिजे. ती मागे सरली नाही, तर दट्ट्या तिच्यावर आदळतो आणि झडप वाकते.

हा ताल का चुकतो? कारणे अशी:

१. दुरुस्तीत दातेरी चाकांच्या खुणा नीट जुळवल्या नाहीत.
२. काही गाड्यांत चाकांऐवजी पट्टा असतो. तो तुटला.
३. झडपेची स्प्रिंग तुटली.
४. काजळी साचून दांडी अडकली.
५. इंजिन बेफाम वेगाने पळाले.

वाकलेली झडप घट्ट मिटत नाही. आतला दाब निसटतो. मग हँडल हलके फिरते, पण इंजिन सुरू होत नाही. झाले तरी जोर लागत नाही आणि टकटक आवाज येतो. तसेच रेटून चालवले, तर टोपी तुटून आत पडते. मग दट्ट्याही फुटतो. लहान खर्चाचा मोठा खर्च होतो.

म्हणून आम्ही सांगतो, असा आवाज येताच इंजिन बंद करा. पुन्हा पुन्हा हँडल मारू नका. गाडी ढकलून सुरू करू नका. वाकलेली झडप ठोकून सरळ करू नका, नवीच घाला. पण त्याआधी मिस्त्रीला विचारा, "ही वाकली कशानं?" कारण तसेच राहिले, तर नवी झडपही वाकेल.

तेल कधी बदलायचे, पट्टा कधी बदलायचा, हे इंजिनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक फळीवर धूळ खात असेल. खाली काढा. आता आपल्याला वाचता येते.

प्रश्न
१. झडप वाकण्याची दोन कारणे सांगा.
२. टकटक आवाज आला, तर काय कराल?