भूतानच्या उन्हाळ्यासाठी मुलांचे कपडे

भूतानच्या ‘हा’ खोऱ्यात भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक साठच्या दशकापासून आहे. तिथे बदली झाली, की बांधाबांध बहुधा पुण्या-देवळालीच्या उकाड्यात होते आणि मुलांच्या बॅगेत बिनबाह्यांचे फ्रॉक, हाफ पॅन्टच जास्त जातात. कपडे महिना पाहून नको, ठिकाणाची उंची पाहून भरा.

1. प्रवासाची पिशवी वेगळी ठेवा. सीमेवरचं फुन्शोलिंग सुमारे 300 मीटरवर, ‘हा’ सुमारे 2,700 मीटरवर. दर 1,000 मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं, म्हणजे एका दिवसात 14-15 अंशांचा फरक. निघताना सुती कपडे घाला; स्वेटर, मोजे आणि कानटोपी हाताशी असू द्या. घाटाच्या वळणांवर मुलांना उलटी होते, म्हणून एक पूर्ण जोड जादा घ्या. ट्रंका मागून येतील. पहिल्या आठवड्याचे कपडे त्यांत टाकू नका.

2. थरांचा हिशेब करा. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, मग पातळ लोकरी स्वेटर आणि वर विंडचीटर. एकच जाड जॅकेट घातलं, तर दुपारी मूल घामाघूम होतं आणि ते काढलं की गारठतं.

3. गारव्याला फसू नका. दर 1,000 मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. गार वाऱ्यात चटका जाणवत नाही, पण कातडी भाजते. रुंद काठाची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या.

4. पावसाची तयारी ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस. जीन्स लवकर वाळत नाही. पटकन वाळणाऱ्या पॅन्ट, रेनकोट, गमबूट आणि मोजे-चड्ड्यांचे भरपूर जोड न्या. खालच्या जंगलात जळवा असतात, तिथे पॅन्टची टोकं मोज्यांत खोचा.

5. झोंगचा मान राखा. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकत्र. आत पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट हवी. टोपी काढावी लागते. असा एक नीटस जोड प्रत्येक मुलासाठी ठेवा. तिथली मुलं शाळेत घो आणि किरा घालतात, हेही आधी सांगून ठेवा, म्हणजे आपलं मूल त्या पोशाखाकडे आदरानं पाहील.

6. माया ठेवून शिवा. मुलं भराभर वाढतात. पॅन्टच्या खालच्या दुमडीत चार बोटं कापड राहू द्या. शाळेचा गणवेश मात्र शाळेला विचारल्याशिवाय घेऊ नका.

7. निवड मुलांनाही करू द्या. बदलीचा निर्णय त्यांचा नसतो. शाळा आणि मित्र मात्र त्यांचे सुटतात. विटलेला का होईना, आवडता टी-शर्ट ते मागत असतील तर आधी तो ठेवा, मग उरलेल्या जागेत तुमची यादी बसवा.