पान भरले हे यंत्राला कसे कळते?



जुन्या कीर्दीचे पान पाहा. जाणते दिवाणजी अगदी कडेपर्यंत लिहीत नसत. तळाशी जागा राखून बेरीज मांडत, ‘पुढील पानावर नेले’ असे लिहीत आणि तीच रक्कम नव्या पानाच्या माथ्यावर घेत. संगणकाला ही जाण उपजत नाही, ती द्यावी लागते.

हिशेबाचे तक्ते छापण्यासाठी आयबीएम कंपनीने 1959 च्या सुमारास आरपीजी ही भाषा आणली. जगातील अनेक बँका व कारखाने आजही ती वापरतात. तिच्यातील कागदाचे गणित सोपे आहे. 11 इंची पान, इंचाला 6 ओळी, म्हणून 66 ओळी. त्यांतील 60 वी ओळ सहसा ‘ओव्हरफ्लो’ची, म्हणजे इशाऱ्याची. छपाई तिथे पोहोचली की एक दर्शक चालू होतो. तो फक्त इशारा देतो. नव्या पानावर शाळेचे नाव, शीर्षक, पान क्रमांक छापण्याची सूचना प्रोग्रॅममध्ये आपणच लिहायची.

आता खरी अडचण पाहू. समजा, फीच्या यादीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या 8 ओळी आहेत. एकाचा हिशेब 59 व्या ओळीवर संपला. दर्शक अजून बंदच. पुढच्याचा हिशेब 60 वर सुरू होऊन 67 वर संपणार, पण कागद तर 66 वरच संपतो! आरपीजीच्या चक्रात दर्शक पाहिला जातो तो एका नोंदीच्या सर्व ओळी छापून झाल्यावर. त्यामुळे आठवी ओळ, नेमकी ‘बाकी’ची, पुढच्या कागदावर जाते. जोडकागद फाडून वेगळा केला की ती बाकी दुसऱ्याच मुलाच्या नावावर दिसेल. पालकांनी कोणाला विचारावे?

एक उपाय असा, इशाऱ्याची ओळ वर घ्या. 66 मधून 8 वजा करा, 1 मिळवा: 59. आता 58 वर हिशेब संपला तर पुढचा 59 ते 66 मध्ये बसतो. 59 वर संपला तर दर्शक चालू झालेला असतो, म्हणून नवे पान येते. तळाला 3 ओळी कोऱ्या हव्या असतील तर 56 धरा.

आणखी एक. दर्शकासाठी 01 ते 99 पैकी क्रमांक घेतला, तर शीर्षक छापल्यावर तो बंद करणे आपल्याकडे असते. नाही केला तर प्रत्येक नोंदीआधी शीर्षक छापत कागदाचा गठ्ठा संपेल.

स्वाध्याय: एका नोंदीच्या 5 ओळी आणि तळाला 4 कोऱ्या ओळी हव्यात. इशाऱ्याची ओळ कोणती? रीतीसह वहीत लिहून आणा.