सूर्यावरील वादळ आणि शेतांतील ओळी

जमिनीस वापसा उत्तम, बियाणें तयार, यंत्र सज्ज; आणि तरीही ऐन हंगामांत पेरणी थांबवावी लागते, असा प्रसंग सन २०२४ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांस अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील कित्येक शेतकऱ्यांवर आला. तिकडे हे दिवस मक्याच्या पेरणीचे. तेथील मोठे ट्रॅक्टर उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ओळखून सरळ रेषेंत चालतात. त्या दिवशीं त्यांस आपली जागाच नीट कळेना. याचें मूळ पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यावर होतें. हा संबंध कसा जुळतो तें पाहूं.

जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतें. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरांत तीनशें मीटरांचा फरक पडतो. वाटेंत आयनमंडल लागतें. सूर्याच्या किरणांनीं तेथील हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात, व त्यांच्या गर्दींतून येतांना संदेशास विलंब होतो. बैल कोरड्या वाटेनें आणि चिखलांतून सारख्या चालीनें चालत नाहीं, तसाच हा प्रकार होय.

साध्या यंत्राची चूक कांहीं मीटरांची असते. पेरणीस ती चालत नाहीं. म्हणून ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असें एक स्थिर केंद्र जवळपास ठेवितात. तें आपल्यापुरती चूक मोजून ट्रॅक्टरास कळवितें, आणि चूक दोनतीन सेंटिमीटरांवर येते. परंतु केंद्रावरील आयनमंडल व शेतावरील आयनमंडल सारखेंच आहे, हें येथें गृहीत धरलेलें असतें. गांवांतील पर्जन्यमापकावरून आपल्या शेतांतील पाऊस ठरविण्यासारखेंच हें आहे. एरवीं तें जुळतें. वळवाच्या पावसांत फसतें.

भूचुंबकीय वादळ हा आयनमंडलांतला वळवच समजावा. सूर्यावरून कधीं कधीं विद्युद्भारित कणांचे प्रचंड लोट सुटतात व एकदोन दिवसांत, कधीं त्याहून उशिरानें, पृथ्वीस गांठतात. त्यांतील चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट असली, म्हणजे त्यांची शक्ति आंत शिरते. मग इलेक्ट्रॉनांची गर्दी एके ठिकाणीं वाढते, दुसरीकडे घटते, आणि संदेश थरथरूं लागतात. २०२४ च्या मे महिन्यांत असे अनेक लोट पाठोपाठ आले. ऑक्टोबर २००३ नंतर सर्वोच्च श्रेणीचें असें वादळ झालें नव्हतें. लडाखांतील हानले येथूनही आकाशांत तांबडी प्रभा दिसली.

एक दिवस काम थांबलें, एवढ्यानें नुकसान संपत नाहीं. यंत्र पेरलेल्या ओळींची रेषा स्मरणांत ठेवितें, व पुढें खत देण्याच्या वेळीं त्याच रेषेनें जातें. वादळांत पेरलेली ओळ फुटभर सरकलेली असली, तर महिन्यानें चाक रोपांवरूनच जाईल. यास्तव वादळांत पेरणी केलीच असेल, तर त्या भागाची नोंद ठेवावी, आणि पुढील काम डोळ्यांनीं ओळ पाहून करावें.

आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळें येथील आयनमंडल मूळचेंच चंचल आहे. विशेषतः दिवसरात्र समान असण्याच्या सुमारास, सूर्यास्तानंतर, वादळ नसतांही संदेशांत बिघाड होतो. आपल्याकडे शेतजमिनीची मोजणीही आतां उपग्रहांच्या आधारें होऊं लागली आहे. म्हणून ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून चालणार नाहीं. वादळाच्या दिवशीं मोजणी झाली असल्यास ती दुसऱ्या दिवशीं पुन्हां ताडून पाहण्याची मागणी करावी, आणि हद्दीचे जुने दगड केव्हांही उपटूं नयेत.

अशा वादळांची नोंद आपल्याकडे नवी नाहीं. १८५९ च्या सप्टेंबरांतील प्रचंड वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनें टिपलें होतें. तें काम पुढें अलिबागेस नेण्यांत आलें व अद्याप चालू आहे. सन २०२३ मध्यें सोडलेलें भारताचें आदित्य यानही सूर्यावर नजर ठेवून आहे. वादळाची सूचना बहुधा एकदोन दिवस आधीं प्रसिद्ध होते. पावसाचा अंदाज पाहून आपण पेरणीचा दिवस ठरवितों. ज्यांचें काम उपग्रहांवर चालतें, त्यांनीं हाही अंदाज पाहण्याची संवय लावून घ्यावी.